पहिलारू मेंढ्यांचे पहिले वेत दरवर्षी का फसते?

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी आणि गोकाक या तालुक्यांत दिवाळीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत मेंढपाळांची एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. कोणाची पहिलारू मेंढी विताना अडते, कोणाची व्याली तरी कासेत दूध नसते, कोणाची कोकराला एकदा हुंगून बाजूला होते, तर कोणाचे कोकरू जेमतेम दीड किलोचे निघते आणि दोन-तीन दिवसांत मरते. जुन्या मेंढ्या त्याच कळपात, त्याच चाऱ्यावर आणि त्याच पावसापाण्यात नीट वितात. नुकसान होते ते बहुतेक पहिल्या वेताच्या मेंढ्यांचे. मग विण्याच्या आठवड्यात कॅल्शियमची बाटली, ताकदीचे औषध, अंगारा आणि शेवटी डॉक्टर, असा क्रम चालतो. त्या वर्षापुरती काही कोकरे वाचतात आणि पुढच्या वर्षी तीच तक्रार नव्या मेंढ्यांबाबत पुन्हा सुरू होते.

माझे मत असे आहे की या सगळ्या तक्रारींचे मूळ बहुधा विण्याच्या दिवसांत नसते. मेंढी फळली (गाभण राहिली) त्या दिवशी तिचे वजन किती होते, आणि गाभणकाळाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत जुन्या मेंढ्यांच्या गर्दीत तिच्या तोंडी किती खुराक गेला, या दोन गोष्टींत ते सापडते. म्हणून निदान विण्याच्या दिवसापासून मागे मागे जात करावे लागते.

पहिली पायरी : तारीख मागे मोजा

मेंढीचा गाभणकाळ सरासरी १४७ ते १५० दिवसांचा असतो. एखादी पहिलारू ९ नोव्हेंबरच्या सुमारास व्याली असेल, तर ती १५ जूनच्या आसपास फळली होती. आता तिचा जन्म कधीचा, ते आठवावे. मागच्या नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेले मादी कोकरू जूनच्या मध्याला सहा-सात महिन्यांचे असते, आणि चांगल्या पावसाने हिरवे गवत उगवले की त्यातली काही या वयातही माजावर येतात. कळपात मेंढा बारमाही मोकळा असेल, तर त्यांना फळायला मालकाची परवानगी लागत नाही. अशी मेंढी अकरा-बारा महिन्यांची असताना विते, म्हणजे तिच्या स्वतःच्या हाडामांसाची वाढ चालू असतानाच पोटातल्या कोकराचीही वाढ तिला करावी लागते. जिथे एकाच वर्षात पाच-सहा पहिलारू फसल्या आहेत, तिथे हा हिशेब केल्यावर त्यातल्या निम्म्याहून अधिक या प्रकारच्या निघाल्या तर आश्चर्य वाटू नये.

नुसत्या मोठ्या मेंढ्याला दोष देऊन भागत नाही. मांसासाठी विकायची राहिलेली नर कोकरे पाच-सहा महिन्यांची झाली की तीही मेंढ्यांवर चढू लागतात, आणि मालक मात्र त्यांना कोकरेच समजत असतो. मादी कोकरे आणि न विकलेले नर यांना चार महिन्यांनंतर एकत्र ठेवू नये. एवढा एकच बदल केल्याने बऱ्याच कळपांतली अडचण कमी होईल.

दुसरी पायरी : वजन

आपल्या भागातल्या दख्खनी मेंढीचे पूर्ण वाढीचे वजन साधारण २८ ते ३० किलो भरते. पहिल्यांदा फळवताना तरुण मेंढीचे वजन पूर्ण वाढीच्या वजनाच्या किमान ६५ ते ७० टक्के असावे, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. त्यानुसार दख्खनी मेंढीला २० किलो ही खालची मर्यादा धरावी आणि २२ किलो हे उद्दिष्ट ठेवावे. ज्यांच्या कळपात जत तालुक्याकडच्या माडग्याळ मेंढ्यांचे रक्त आले आहे, त्यांनी हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये, कारण त्या अंगाने मोठ्या असतात. आपल्याच कळपातल्या चांगल्या अंगाच्या, रिकाम्या, पाच-सहा मोठ्या मेंढ्या तोलून सरासरी काढावी आणि तिचे दोन तृतीयांश ही आपल्या कळपाची मर्यादा समजावी.

वजन अंदाजाने ठरवण्याची सवय मात्र सोडली पाहिजे, कारण लोकर फसवते. कातरणीला आलेल्या मेंढीच्या अंगावरची लोकर पाहून ती भरलेली वाटते आणि कातरल्यावर तिच्या फासळ्या मोजता येतात. ताणकाटा आणि पोत्याची झोळी असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर शिंप्याची टेप घेऊन पुढच्या पायांच्या लगत मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी, घेराला घेराने गुणून पुन्हा लांबीने गुणावे आणि आलेल्या संख्येला १०,८०० ने भागावे. घेर ६५ आणि लांबी ५८ असेल तर उत्तर साधारण साडेबावीस किलो येते. घेर ६० आणि लांबी ५५ असेल तर ते सव्वाअठराच्या आसपास येते आणि ती मेंढी थांबवावी लागते. मोजणी कातरणीनंतर केली तरच हे गणित उपयोगी पडते.

वजनाबरोबर अंगावरचे मांसही हाताने पाहावे. शेवटच्या फासळीच्या मागे, कमरेवर बोटे दाबून मणक्याची टोके चाचपावीत. टोके टोचत असतील तर मेंढी रोड आहे, हलके दाबल्यावर गोलसर लागत असतील तर योग्य आहे, आणि दाबूनही सापडत नसतील तर ती लठ्ठ आहे. कळपात लठ्ठ पहिलारू क्वचितच आढळते; घरी बांधून पाळलेल्या दोन-चार मेंढ्यांत मात्र ती हटकून दिसते, आणि लठ्ठ मेंढीही विताना अडते.

दातांचा पुरावा जोडीला घ्यावा. खालच्या जबड्यातले मधले दोन दुधाचे दात पडून पक्के दात साधारण चौदा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान येतात. मेंढी दोन दाती झाली आहे आणि वजनही पुरेसे आहे, असे दोन्ही जुळले की ती फळवायला हरकत नाही. दात आले पण वजन नाही, अशी मेंढी मेंढ्याला दाखवू नये. तिचे वजन का झाले नाही, ते आधी शोधावे.

वजन का होत नाही?

याचे उत्तर आपल्या व्यवहारात आहे. कोकरू तीन महिन्यांचे होऊन दुधावरून तोडले जाते तेव्हा ते दहा-अकरा किलोचे असते. तिथून पुढच्या बारा महिन्यांत बारा किलो वाढ हवी, म्हणजे दिवसाला सरासरी ३३ ग्रॅम. ही अपेक्षा काही फार नाही, पण मार्च ते मे या तीन महिन्यांत मादी कोकरे वाढत तर नाहीतच, उलट आधी कमावलेले घालवतात. सध्या बकरी ईद उन्हाळ्याच्या अखेरीच्या सुमारास येत असल्याने घरातली पेंड आणि मक्याचा भरडा त्याच महिन्यांत विक्रीच्या नरांपुढे जातो, आणि ज्या माद्यांवर पुढची सहा-सात वर्षे कळप चालायचा आहे त्यांच्या वाट्याला वाळलेले गवत आणि उसाचे वाडे (शेंड्याकडचा पाला) येतात. नराच्या पैशाची निकड मी नाकारत नाही. परंतु या तीन महिन्यांत रोज दीडशे ग्रॅम खुराक म्हणजे एका मादीमागे साडेतेरा किलो होतो, आणि एका मेलेल्या कोकराच्या किमतीशी त्याची तुलना ज्याची त्याने करून पाहावी.

उसाच्या वाड्यांबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा आणि घटप्रभेच्या काठच्या गावांत गळीत हंगाम सुरू झाला की कळप वाड्यांवरच जगतात. वाडे हिरवे असतात, मेंढी ते आवडीने खाते आणि तिचे पोट टम्म दिसते. पण त्यात प्रथिने अगदी कमी असतात, शिवाय त्यातली ऑक्झॅलेटे चाऱ्यातला चुना (कॅल्शियम) अंगी लागू देत नाहीत. मोठ्या रिकाम्या मेंढीला वाडे चालून जातात; वाढत्या आणि गाभण मेंढीला नुसत्या वाड्यांवर ठेवणे म्हणजे भरल्या पोटी उपाशी ठेवणे. वाड्यांबरोबर भुईमुगाचा वाळलेला पाला, तुरीचे किंवा हरभऱ्याचे भुसकट, शेवरी, सुबाभूळ किंवा हादग्याचा पाला यांपैकी काहीतरी रोज दिले पाहिजे. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नसावी.

खाऊनही अंगी लागत नसेल तर जंतांकडे पाहावे. खालची पापणी ओढून आतला रंग बघावा. तो लालऐवजी फिकट गुलाबी किंवा पांढरट असेल, किंवा जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज असेल, तर रक्त पिणाऱ्या जंतांचा संशय घ्यावा. कालव्याच्या आणि नदीच्या काठी, जिथे पाणथळ गवतात गोगलगायी असतात, तिथे यकृतातल्या चपट्या कृमींचाही विचार करावा लागतो, आणि त्यांच्यावर साधे जंतनाशक पुरेसे पडत नाही. लेंड्यांची तपासणी पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घेऊन मगच औषध निवडावे. हे काम मेंढा सोडण्याच्या तीन आठवडे आधी उरकावे. गाभणकाळाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये, कारण त्याने गर्भात विकृती येते किंवा गर्भच जातो. जूनमध्ये मेंढा सोडायचा आणि जुलैत पाऊस जोरात आला म्हणून सगळ्या कळपाला एकजात अल्बेंडाझोल पाजायचे, असे जिथे होते तिथे अनेक मेंढ्या ‘पुन्हा उलटल्या’ (फळूनही पुन्हा माजावर आल्या) अशी जी तक्रार येते, तिचे एक कारण तेही असू शकते.

तिसरी पायरी : मेंढा कोणता आणि कसा

अडलेल्या मेंढीचे कोकरू साडेतीन किलोचे, मोठ्या डोक्याचे निघाले असेल तर बाप कोण ते विचारावे. माडग्याळचा उंच, पोपटनाक्या नर आणून कोकरांचे वजन वाढवण्याची हौस अथणी-कागवाड पट्ट्यात चांगलीच रुजली आहे, आणि दोन-तीन वेते झालेल्या मेंढीबाबत तिच्यात काहीच गैर नाही. वीस-बावीस किलोच्या पहिलारूसाठी मात्र अंगाने बेताचा, लहान डोक्याचा दख्खनी मेंढाच वापरावा. बाजारात पहिल्या वेताच्या कोकराला थोडा कमी भाव येईल, पण मेंढी आणि कोकरू दोन्ही हाती राहतील.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पश्चिम बंगालमधल्या गरोळ जातीकडून जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढ्यांत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. त्या रक्ताच्या मेंढ्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी पहिल्या वेतातही जुळी धरून चालावे, आणि वजनाची मर्यादा व शेवटच्या सहा आठवड्यांचा खुराक दोन्ही वाढवावेत. चारा-खुराकाची हमी नसेल तर जुळ्यांचा मोह पहिल्या वेतात धरू नये.

पहिलारू मेंढी माजावर आली तरी ती बुजरी असते. तिचा माज कमी वेळ टिकतो, ती स्वतःहून मेंढ्याकडे जात नाही, आणि जुन्या मेंढ्या मेंढ्याभोवती गर्दी करून तिला मागे लोटतात. त्यामुळे ‘वजन असूनही गाभण राहिली नाही’ अशी तक्रार येते. यावर उपाय असा की संध्याकाळी कळप तळावर आल्यावर पहिलारूंना वाघर (जाळीचे कुंपण) लावून वेगळे करावे आणि रात्रभर त्यांच्यात एक अनुभवी मेंढा सोडावा. अशा वीस-पंचवीस माद्यांना एक मेंढा पुरतो. मेंढ्याच्या छातीला काव आणि तेल यांचे मिश्रण रोज लावले, तर सकाळी ज्या मेंढीच्या पाठीवर तांबडा डाग दिसेल तिची तारीख लिहिता येते. मेंढीचा माज सतरा दिवसांनी पुन्हा येतो, म्हणून सतराव्या दिवसापासून काळा किंवा निळा रंग लावावा. ज्यांच्या पाठीवर दुसरा रंग आला त्या पहिल्या वेळी राहिल्या नाहीत. दुसऱ्याही वेळी बहुतेकांवर नवा रंग आला, तर दोष माद्यांत न शोधता मेंढ्याची तपासणी करावी. पाच आठवड्यांनी मेंढा काढून घ्यावा. एकाच कळपात राहावा लागत असेल तर दिवसा त्याच्या पोटाखाली गोणपाटाचा पडदा बांधण्याची जुनी पद्धत पुरेशी आहे, फक्त पडदा रोज तपासावा.

हंगामाबाबत माझे म्हणणे असे आहे की पहिलारूंसाठी जून-जुलैत मेंढा लावणे सर्वांत सोयीचे. शेवटचे सहा आठवडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. तेव्हा सोयाबीन, भुईमूग आणि मका निघालेला असतो आणि रानात चरायला भरपूर मिळते. फेब्रुवारी-मार्चात लावलेल्या मेंढ्या जुलै-ऑगस्टच्या पावसात वितात. अथणीच्या कोरड्या बाजूला ते निभावून जाते, खानापूरकडच्या चिखलात आणि गारठ्यात कोकरांना फुप्फुसाचा दाह होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळून मार्च-एप्रिलच्या उन्हात विणारी पहिलारू सर्वांत वाईट स्थितीत असते. जूनमध्ये जी मर्यादेखाली भरली तिला सरळ पुढच्या जूनपर्यंत थांबवावे असे मी म्हणत नाही. तिला चारा देऊन फेब्रुवारीत पुन्हा तोलता येते, पण मग पावसाळी विण्यासाठी कोरड्या निवाऱ्याची सोय आधी असली पाहिजे.

चौथी पायरी : गाभणकाळातला खुराक

मेंढा सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज दोनशे ग्रॅम खुराक सुरू करून तो मेंढा काढेपर्यंत चालू ठेवावा. पहिला महिनाभर गर्भ गर्भाशयात रुजत असतो, म्हणून त्या काळात लांबची चाल, ट्रकचा प्रवास आणि अचानक चाराबदल टाळावा. मधल्या दोन महिन्यांत मेंढी रोडावणार नाही आणि थोडी थोडी वाढत राहील एवढे खायला मिळाले की पुरे. या टप्प्यावर घरच्या लाडक्या पहिलारूला भरमसाट धान्य चारण्याचा उत्साह आवरावा. वाढत्या वयाच्या मेंढीला तेव्हा अति खुराक दिला तर तो तिच्या स्वतःच्या अंगावर चढतो, वार (गर्भाला पोसणारी झार) लहान राहते आणि कोकरू उलट कमी वजनाचे जन्मते.

खरी कसोटी शेवटच्या सहा आठवड्यांची. कोकराच्या जन्मवजनाचा सुमारे सत्तर टक्के भाग याच काळात तयार होतो, कास याच काळात भरते, आणि वाढत्या गर्भाशयामुळे पोटात चाऱ्याला जागा मात्र कमी होते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच खाण्याची क्षमता घटते. नुसत्या चराईवर हे अंतर भरून निघत नाही. पंचवीस किलोच्या पहिलारूला या काळाच्या सुरुवातीला रोज दोनशे ग्रॅम आणि शेवटच्या दोन आठवड्यांत तीनशे ग्रॅमपर्यंत खुराक द्यावा, तोही सकाळ-संध्याकाळ विभागून. मका भरडा ४५ भाग, शेंगदाणा पेंड २२ भाग, गव्हाचा कोंडा ३० भाग, मेंढ्यांचे खनिज मिश्रण २ भाग आणि मीठ १ भाग, असे मिश्रण घरी करता येते आणि त्यात साधारण सोळा-सतरा टक्के प्रथिने मिळतात. पेंडीला बुरशी आलेली नसावी. खनिज मिश्रण घेताना ते मेंढ्यांसाठीचेच आहे याची खात्री करावी. गाईम्हशींच्या मिश्रणातले तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाऊन विषबाधा होते, आणि ती होईपर्यंत बाहेरून काहीही दिसत नाही. खुराकाची सुरुवात पन्नास ग्रॅमने करून आठवडाभरात वाढवावी. मक्याच्या मळणीच्या जागी कळप सुटून एकदम दाणा खाल्ला गेला, तर गाभण मेंढी पोटातल्या आम्लाने एका रात्रीत दगावू शकते.

हा खुराक जुन्या मेंढ्यांबरोबर एकाच गव्हाणीत टाकला तर तो पहिलारूंपर्यंत पोहोचत नाही, आणि मालक मात्र ‘मी तर रोज घालतो’ असे प्रामाणिकपणे सांगत राहतो. खात्री करायची असल्यास खुराक टाकल्यावर पाच मिनिटे तिथेच उभे राहून पाहावे. पहिलारूंना वेगळे करून प्रत्येकीला गव्हाणीवर किमान एक फूट जागा मिळेल असे खाऊ घालावे. रात्री मेंढ्या शेतात बसवणाऱ्यांनाही हे जमते. वाघरीचा एक कोपरा आणि फाडलेला प्लॅस्टिकचा पाइप एवढ्यावर काम भागते.

या काळात एखादी मेंढी कळपामागे राहू लागली, दात खाऊ लागली, खुराकाला तोंड लावेनाशी झाली आणि तिच्या श्वासाला गोडसर उग्र वास येऊ लागला, तर तो गाभणकाळातला रक्तातील साखर घटण्याचा विकार समजावा. गुळाचे पाणी पाजून वाट पाहण्यात वेळ जातो; डॉक्टरांकडून शिरेतून ग्लुकोज आणि तोंडाने ग्लिसरॉल किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल लवकर मिळाले तरच ती वाचण्याची शक्यता असते. लांबच्या चालीनंतर मेंढी थरथरून बसली आणि उठेना, तर चुन्याची कमतरता असू शकते, आणि ती इंजेक्शनने लवकर सुधारते. फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा १९६२ हा क्रमांक प्रत्येक मेंढपाळाच्या मोबाइलमध्ये असावा.

आंत्रविषाराची लस विण्याच्या तीन-चार आठवडे आधी द्यावी, म्हणजे चिकातून कोकरालाही संरक्षण मिळते. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी), देवी आणि नीलजिव्हा यांच्या लसी मेंढा सोडण्यापूर्वीच उरकलेल्या बऱ्या.

गाभडलेल्या मेंढीचे काय?

एखादी मेंढी गाभडली, म्हणजे तिचा गर्भ अकाली पडला, तर धक्का, चेंगराचेंगरी किंवा ट्रकचा प्रवास हे कारण असू शकते. एकाच पंधरवड्यात तीन-चार गाभडल्या, विशेषतः शेवटच्या दीड महिन्यात, तर संसर्ग गृहीत धरावा आणि खुराक बदलत बसू नये. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांना खाऊ देऊ नये, आणि घरातल्या गरोदर बाईला त्या मेंढ्यांजवळ जाऊ देऊ नये, कारण ब्रुसेलोसिससारखे रोग माणसांनाही होतात. नमुना दवाखान्यात दिल्यावर उरलेले खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे आणि त्या मेंढ्या वेगळ्या ठेवाव्यात.

विताना आणि व्याल्यावर

पाण्याची पिशवी फुटल्यावर अर्धा-पाऊण तास जोर करूनही काही पुढे येत नसेल, तर हात धुऊन पाहण्याची वेळ आली असे समजावे. दोन पुढचे पाय आणि त्यांवर नाक, ही सरळ स्थिती. तशी स्थिती असून केवळ वाट अरुंद असेल तर मेंढीच्या कळेबरोबर खाली आणि मागे हलके ओढावे. डोके मागे वळलेले असेल किंवा एकच पाय दिसत असेल, तर नवख्याने ओढाओढ न करता जाणत्या माणसाला किंवा डॉक्टरांना बोलवावे. वार सहसा काही तासांत पडते. बारा तास उलटूनही ती पडली नाही तर उपचार घ्यावेत, वारेला वजन बांधू नये.

मेंढी कोकरू घेत नाही, या तक्रारीकडे मी सर्वांत जास्त लक्ष वेधू इच्छितो, कारण ती पुष्कळदा आपण स्वतः निर्माण करतो. चरायला गेलेल्या रानात पहिलारू विते, कळप पुढे निघालेला असतो, म्हणून गडी कोकरू पुसून घोंगड्यात गुंडाळतो आणि संध्याकाळी तळावर आईपुढे सोडतो. जुनी मेंढी असे कोकरू ओळखते, कारण तिला आईपण ठाऊक असते. पहिलारूची ओळख मात्र विल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, ओल्या कोकराला चाटता चाटताच पक्की होते. ते तास घोंगड्यात गेले तर संध्याकाळी तिच्या पुढे येते ते परके कोकरू. म्हणून तारखा लिहिलेल्या असतील तर शेवटच्या आठवड्यात पहिलारूंना तळाजवळच चारावे. रानातच व्याली तर एक माणूस तिथे थांबवून दोन-तीन तास मायलेकरांना त्याच जागी राहू द्यावे. कोकराच्या तोंडा-नाकावरचा चिकटा काढावा, बाकीचे अंग पुसण्याची घाई करू नये.

तळावर आणल्यावर चार-पाच फूट लांबीरुंदीच्या आडोशात दोघांना दोन-तीन दिवस वेगळे ठेवावे. प्रत्येक सडाची एक-दोन धार काढून तोंडाचे मेणासारखे बूच मोकळे झाले का ते पाहावे. कोकरू चोखते पण पोट रिकामे, या तक्रारीचे कारण बऱ्याचदा एवढेच असते. नाळ टिंचर आयोडिनमध्ये बुडवावी. अडीच किलोच्या कोकराला पहिल्या दोन तासांत सव्वाशे मिली आणि पहिल्या दिवसभरात सुमारे अर्धा लिटर चिक मिळाला पाहिजे. आईला कमी पडला तर त्याच दिवशी व्यालेल्या जुन्या मेंढीचा काढून पाजावा. तोंडात बोट घालून गार लागणाऱ्या कोकराला आधी ऊब द्यावी आणि मग पाजावे. एवढे करूनही आई लाथा मारत असेल तर तिला आडोशात मान आवळणार नाही अशी सैल बांधून दिवसातून पाच-सहा वेळा कोकरू लावावे; बहुतेक पहिलारू दोन-तीन दिवसांत शांत होतात. कास गरम, कडक किंवा एका बाजूला सुजलेली असेल, तर ती लाथ वेदनेची असते, आणि उपचार कासेवर करावे लागतात.

व्याल्यानंतर दीड-दोन महिने खुराक चालू ठेवावा, कारण ‘दुसऱ्या वर्षी माजावर येत नाही’ ही पुढची तक्रार या काळातच तयार होते. कोकरांना पंधराव्या दिवसापासून कोवळा पाला आणि थोडा भरडा वेगळ्या कोपऱ्यात ठेवावा. माघात चिंचलीच्या मायाक्काची यात्रा भरते त्या सुमारास नोव्हेंबरची कोकरे तीन महिन्यांची होतात. तेव्हा ती दुधावरून तोडावीत आणि पहिलारूंना पुन्हा तोलावे. फळण्याच्या वेळचे वजन भरून काढून तीन-चार किलो वर गेलेली मेंढी पुढच्या जूनला तयार असते. जी त्याखाली आहे तिला मेंढ्यापासून दूर ठेवून उन्हाळाभर दीडशे ग्रॅमचा खुराक पुन्हा सुरू करावा. कोकरू न घेतल्याबद्दल पहिल्या वेताची मेंढी विकू नये, तिला दुसरी संधी द्यावी. परंतु जिची कास एका बाजूने निकामी झाली किंवा विण्यापूर्वी जिचे अंग बाहेर आले, ती मेंढी आणि तिची मादी कोकरे पैदाशीसाठी ठेवू नयेत.